नाकाची साक्ष

वहिनी : टाके किती?

वन्सं : चार. मघाशीच सांगितलं. चार टाके, आठ दिवसांत सुकले. तू तो कागद वाच आणि सही करू की नको एवढंच सांग.

वहिनी : कागद वाचून झाला. आता माणूस वाचतेय.

वन्सं : मी काय तुझी अशील आहे?

वहिनी : या खुर्चीत बसलात म्हणजे अशीलच. त्या दाराच्या आत तुम्ही माझ्या नणंदबाई, तिथे तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. सव्वीस वर्षं तेच चाललंय. या पुढच्या खोलीत मी विचारणार, तुम्ही सांगणार.

वन्सं : दादाने पाठवलं म्हणून आले. नाहीतर तुझ्या या टेबलापुढे बसायची हौस नव्हती मला.

दादा : हो हो, मीच पाठवलं, राग माझ्यावर काढा. कंपनीचा कागद आहे, घरात वकील आहे, आणि ही न वाचताच सही करायला निघाली होती. आपल्याच विहिरीचं पाणी सोडून दारोदार कशाला हिंडायचं? बरं, तुमचं चालू द्या, मी आत चहाचं बघतो. दूध ठेवलंय तापत.

वहिनी : चहा होईल मागाहून. अहो, त्या खालच्या कप्प्यात निळी फाइल आहे, तेवढी शोधून द्या आधी.

दादा : कुठली निळी? इथे सगळ्या निळ्याच आहेत.

वहिनी : म्हणून शोधा म्हटलं. हां, वन्सं. तुमच्या कंपनीने लिहिलंय, 'गोदामात माझ्या डोक्याला किरकोळ इजा झाली. ती आता पूर्ण बरी झाली आहे. औषधपाण्याचा खर्च मला मिळाला. यापुढे या अपघाताबाबत माझी कसलीही मागणी अथवा तक्रार राहणार नाही.' खाली तुमचं नाव, मुख्य चहापरीक्षक. सोमवारपर्यंत सही करून परत. बरोबर?

वन्सं : वाचता येतं तुला. बरं वाटलं.

वहिनी : गोदामाचं शटर डोक्यावर पडलं कसं?

वन्सं : बारा आठवडे झाले. नवा माल आला होता, नमुना काढायला गोदामात गेले होते.

वहिनी : तुम्ही स्वतः? मुख्य परीक्षक गोदामात जाते?

वन्सं : बाकीच्या कंपन्यांतले जात नाहीत. मी जाते. दुसऱ्याने काढलेला नमुना मी तोंडात घेत नाही. वरवरची चांगली पत्ती उचलतात आणि आणून ठेवतात. पोत्याच्या पोटात हात घातल्याशिवाय चहा खरं बोलत नाही. शटरची साखळी तुटली होती. बारदानकाकांनी ते लाकडी दांडक्यावर टेकवून अर्धं उघडं ठेवलं होतं. मी वाकून आत शिरत होते, दांडकं सरकलं. शटर मागून डोक्यात बसलं. झालं समाधान?

वहिनी : बारदानकाका कोण?

वन्सं : गोदाम सांभाळायचे ते. एकोणतीस वर्षं पोत्यांत वावरलेला माणूस, खरं नाव कोणाच्या लक्षातच नाही.

वहिनी : 'सांभाळायचे'? आता नाही सांभाळत?

वन्सं : नाही. पुढचं विचार.

वहिनी : साखळी तुटल्याचं कंपनीला माहीत होतं?

वन्सं : काकांनी तीनदा लिहून दिलं होतं. त्यांच्या वहीत तारखा आहेत, वरच्या साहेबांच्या सह्या आहेत. दांडकं काही त्यांनी हौसेने लावलं नव्हतं, माल आत घ्यायलाच हवा होता.

वहिनी : म्हणजे चूक कंपनीची, तीही तीनदा लेखी. पण इजा? चार टाके. हाड शाबूत, चक्कर नाही, कामावर पाचव्या दिवशी हजर. वन्सं, नुसती चूक असून दावा होत नाही. चुकीने माणसाचं काही गेलं पाहिजे. तुमचं काहीच गेलेलं नाही.

वन्सं : तेच तर म्हणतेय मी.

वहिनी : मग केस नाही. हे घ्या पेन. करा सही.

वन्सं : करू?

वहिनी : करा ना. इथे, नावाच्या वर.

वन्सं : एवढ्या लवकर तू माझ्याशी सहमत झालीस असं कधी झालं नाही.

वहिनी : सावकाश करा. पुन्हा एकदा वाचा हवं तर. मला घाई नाही.

वन्सं : 'पूर्ण बरी झाली आहे.' हे 'पूर्ण' लिहायलाच हवं का?

वहिनी : का? काही अपूर्ण आहे?

वन्सं : नाही. सहज विचारलं.

वहिनी : वाचा, वाचा. अजून वाचा.

वन्सं : अशी काय बघतेस माझ्याकडे?

दादा : अगं, दूध! दूध लागलं! एवढ्या दोघी बसल्यात आणि एकीच्याही... बाप रे, स्वयंपाकघर काळं झालं असेल! उठ, उठ, सरक!

वन्सं : कसलं दूध?

वहिनी : जाऊ द्या त्यांना. ते बंद करतील. वन्सं, दूध लागून पाच मिनिटं झाली. दार उघडं आहे. खोलीत डोळे चुरचुरतील एवढा जळका वास आहे. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून 'पूर्ण' या शब्दावर विचार करताय.

वन्सं : सर्दी आहे मला.

वहिनी : आवाज तर खणखणीत आहे.

वन्सं : तू मुद्दाम केलंस. दादाला मुद्दाम फाइल शोधायला बसवलंस.

वहिनी : निळी फाइल असं काही नाहीच त्या कप्प्यात. ही उलटतपासणी होती. कंपनीचा वकील याहून वाईट करेल.

वन्सं : नवऱ्याचं दूध जाळून नणंदेची परीक्षा! काय बाई आहेस!

वहिनी : तुम्ही माझी घेतली नाहीत? या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, झाकण उघडायच्या आधी, दारातून, आठ माणसांसमोर, 'भाजी खाली लागली.' तेव्हापासून दर रविवारी जेवायला येता आणि चप्पल काढता काढता निकाल देता. तेल जुनं आहे. हळद जास्त झाली. ओट्याचं फडकं धुतलेलं नाही. सव्वीस वर्षं, वन्सं. आणि गेल्या रविवारी भाजीचा कोळसा झाला होता. तुमच्या दादाने दोन घास कसेबसे ढकलले. तुम्ही ताट पुसून खाल्लंत, वर म्हणालात, 'छान झालीय.' 'छान'! त्या शब्दानेच घात केला तुमचा. मी रात्रभर विचार करत होते, की ही बाई माझ्याशी बरी वागली म्हणजे हिला झालंय तरी काय.

वन्सं : मला उठू दे.

वहिनी : उठा. पण पर्समधला कागद टेबलावर ठेवून उठा.

वन्सं : कुठला कागद?

वहिनी : नाक गेल्यावर तुमच्यासारखी बाई डॉक्टरकडे गेल्याशिवाय राहणार नाही. आणि गेलात तर कागद आणलात, कागद आणलात तर तो घरात ठेवणार नाही, कारण शेजारीण किल्ली बाळगते. आल्यापासून पर्स मांडीवरून खाली ठेवली नाहीत.

दादा : पातेलं गेलं. तळच गेलाय, खरवडूनही निघणार नाही. खिडक्या उघडल्यात मी. नाकू, तुला कसा गं नाही आला वास? लहानपणी तर तू पार कोपऱ्यावरून ओळखायचीस आपल्याकडे आज काय शिजतंय ते. आई सगळ्यांना सांगायची, माझी पोर नाकाने घड्याळ बघते.

वन्सं : दादा, आत जा.

दादा : अगं पण...

वन्सं : आत जा म्हटलं ना!

वहिनी : जा तुम्ही. दार ओढून घ्या.

(दार लागतं. पर्सची चेन उघडल्याचा आवाज.)

वहिनी : नऊ आठवड्यांपूर्वीची तारीख आहे. दुसऱ्या गावचा डॉक्टर.

वन्सं : इथल्या डॉक्टरकडे गेले असते तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. मागून मार बसला की नाकाकडे येणारे बारीक धागे तुटतात म्हणाला. कपाळाला काही झालं नाही, नाकाला ओरखडा नाही, आणि आतून दिवा गेला. सहा महिन्यांत आलं तर आलं, म्हणाला. आणि ते सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

वहिनी : काहीच येत नाही?

वन्सं : जिभेला गोड, कडू, आंबट, खारट एवढं कळतं. चहा म्हणजे कडू गरम पाणी. हा आणि तो, सगळे सारखे. तीस वर्षं मी दिवसाला तीनशे कप चाखले, वहिनी. डोळे मिटून सांगायचे, ही पत्ती पावसात तोडलीय, ही भट्टीत दोन मिनिटं जास्त राहिलीय. आता मला कोणी फडकं पिळून पाणी दिलं तरी पिईन मी.

वहिनी : आणि बारा आठवडे चाखताय. तुमच्या सह्यांनी माल बाहेर जातोय. कसं?

वन्सं : पत्तीचा रंग बघून. हाताला लागते कशी त्यावरून. उरलेलं माझ्या हाताखालच्या बाईकडून.

वहिनी : तिला माहीत आहे?

वन्सं : तिला वाटतं मी तिला तयार करतेय. आमच्याकडे रीत आहे, टेबलावर वरिष्ठाने आधी चाखायचं, आधी थुंकायचं, आधी बोलायचं. वरिष्ठ बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मी कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी रीत मोडली. म्हटलं, चौदा वर्षं माझ्या मागे उभी आहेस, आजपासून तू आधी बोल, मी चुका काढीन. रडली गं ती. घरून पेढ्यासारखा गोड चेहरा करून येते रोज. साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं, मोठं मन म्हणाले. ती बोलते, मी कप खाली ठेवते, मान हलवते आणि सही करते. सगळ्यांना वाटतं मी शिकवतेय. मी नुसती ऐकतेय.

वहिनी : ऐकून चाखताय.

वन्सं : हसू नकोस.

वहिनी : हसत नाही. हिशेब मांडतेय. ऐका आता. मघाशी म्हटलं केस नाही, ते चार टाक्यांचं होतं. चहापरीक्षकाचं नाक गेलं म्हणजे गवयाचा गळा गेला. कंपनीची चूक तीनदा लेखी, इजा कामावर असताना, इजा बहुधा कायमची, आणि ज्यावर पोट भरतं तेच गेलेलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतका सरळ दावा माझ्या टेबलावर आला नाही.

वन्सं : मग लाव दावा. पण असं लिही की मला हे काल-परवाच कळलं.

वहिनी : आणि या कागदावरची तारीख? हाच तर पुरावा. कागद लावला की तारीख लागली. पहिलाच प्रश्न येईल, नाक गेल्याचं नऊ आठवड्यांपूर्वी कळलं, मग त्यानंतरच्या सह्या कोणी केल्या?

वन्सं : मग कागद नको लावूस.

वहिनी : मग चार टाके. सही करा आणि घरी जा. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. तोवर त्या बाईने रजा घेऊ नये म्हणून देवाला हात जोडा.

वन्सं : ती घेतेच गं रजा.

वहिनी : काय म्हणालात?

वन्सं : काही नाही.

वहिनी : वन्सं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुमचं तर दाबायलाही शिल्लक नाही. बोला. तिने रजा घेतली तेव्हा काय झालं?

वन्सं : पाच आठवडे झाले. तिची सासू पडली, ती दोन दिवस आली नाही. एक लॉट आला होता, चांगल्या बागेचा. पत्ती सुरेख, रंग सुरेख. मी चाखला. सही केली. गिऱ्हाईकाकडून सगळा परत आला. म्हणाले, चहा आहे की साबणाचं पाणी? ज्या ट्रकमधून तो आला होता त्या ट्रकने आधी साबणाची खोकी वाहिली होती. चहा वास ओढून घेतो, नुसता शेजारी ठेवला तरी. आमच्यातलं पोरसुद्धा ओळखेल असा वास होता म्हणे.

वहिनी : आणि तुमच्या सहीवर कोणी संशय घेतला नाही.

वन्सं : माझ्या सहीवर? माझ्या नाकावर बाजार चालतो त्यांचा. माझ्याकडून पास झाला म्हणजे माल तोपर्यंत स्वच्छच असणार. म्हणजे मग नंतर गोदामात बिघडला. म्हणजे...

वहिनी : म्हणजे बारदानकाकांनी बिघडवला. 'सांभाळायचे' ते त्यामुळे.

वन्सं : त्यांनी साहेबांना सांगितलं, ट्रकमधून उतरवतानाच वास होता, मी बाईंकडे पाठवताना चिठ्ठीही लावली होती. चिठ्ठी कुठे गेली देव जाणे. साहेबांनी मला बोलावलं, काकांच्या समोर विचारलं, बाई, तुमच्या टेबलावर माल आला तेव्हा वास होता?

वहिनी : आणि?

वन्सं : मी म्हटलं, माझ्याकडे आला तेव्हा माल स्वच्छ होता.

वहिनी : काका काय म्हणाले?

वन्सं : ते विचारू नकोस.

वहिनी : मी विचारणार, तुम्ही सांगणार.

वन्सं : भांडतील असं वाटलं होतं मला. भांडले असते तर मीही भांडले असते, बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग साहेबांना म्हणाले, 'बाई म्हणतात तर तसंच असेल. माझंच नाक म्हातारं झालं असेल.' आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एकोणतीस वर्षांच्या किल्ल्या. स्वतःच्या नाकापेक्षा माझ्या नाकावर भरवसा होता त्या माणसाचा.

वहिनी : शाबास.

वन्सं : टोमणे नकोत.

वहिनी : टोमणा नाही, शिव्या येत नाहीत म्हणून शाबास म्हणाले. तुमच्या दाव्याला साक्षीदार एकच. साखळीची वही कोणाच्या हातची? त्याच माणसाची. दांडकं का लावलं ते कोण सांगणार? तोच. त्याला तुम्ही स्वतःच्या तोंडाने खोटा पाडलात, चोर ठरवून घरी बसवलंत. आणि आता माझ्याकडे येऊन विचारता, 'सही करू की नको'!

वन्सं : चोर नाही म्हटलं मी!

वहिनी : निष्काळजी म्हटलंत. गोदामवाल्याला ते चोरापेक्षा वाईट.

वन्सं : तुला मजा येतेय. कबूल कर. इतकी वर्षं वाट बघत होतीस मी तुझ्यापुढे अशी बसावी म्हणून.

वहिनी : हो. बघत होते. खोटं कशाला बोलू? तुमचं नाक एकदा तरी कापलं जावं असं मला सव्वीस वर्षं वाटत होतं. पण असं नव्हतं वाटत. त्या काकांनी किल्ल्या ठेवल्या त्यात मला काय मजा?

वन्सं : तू काय करशील माझ्या जागी? सांग ना, एवढी शहाणी आहेस तर! माझ्याकडे नवरा नाही, मूल नाही, रूप तर कधीच नव्हतं. नाक होतं. त्याच्यामुळे लोक उठून उभे राहायचे. ते गेलं असं सांगितलं की मी कोण? दर रविवारी जेवायला येणारी एक म्हातारी नणंद. आणि तुझ्या घरी येऊन नाक मुरडायचे ना मी, ते का माहीत आहे? तेवढंच येत होतं मला. तू कोर्टात बोलायचीस, दादा तुझ्याकडे बघत राहायचा. मला दुसरं काय येत होतं?

वहिनी : हे सव्वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर आपल्या दोघींची बरीच भाजी वाचली असती.

वन्सं : आता काय उपयोग?

वहिनी : काही नाही. घरी गॅस वापरता?

वन्सं : हे काय मध्येच?

वहिनी : एकट्या राहता. नाकाला वास नाही. गॅस गळला तर?

वन्सं : नाही वापरत. नळीपासूनच बंद केलाय. पाव खाते, फळं खाते, गार दूध पिते. दूध नासलंय का ते भांड्यात हलवून, डोळ्यांनी बघते.

वहिनी : बारा आठवडे गार खाताय?

वन्सं : चवच नाही, तर गरम काय नि गार काय! त्याचं काही नाही गं. दुसरंच छळतं. माझ्या अंगाला वास येतो का ते मला कळत नाही. कपड्यांना, तोंडाला, घराला. कोणी जरा मागे सरकलं की वाटतं, माझ्यामुळेच. तीनदा आंघोळ करते. कामावर जायच्या आधी, आल्यावर, झोपताना. हाताची सालं निघालीत, बघ. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, तुमचं हे कुबट आहे, तुमचं ते आंबलंय. मला कोण सांगणार?

दादा : दार उघडू का? बिनदुधाचा चहा केलाय. ऐकू येत होतं मला सगळं. दाराला कान लावून उभा नव्हतो, पण आपल्या दारांना काही अर्थच नाही.

वहिनी : ठेवा तिथे. बसा आता, ऐकलंच आहे तर. पण बोलू नका.

दादा : एकच बोलतो. नाकू, सही करून टाक. चार वर्षं कशीतरी काढ. कशाला कोर्टाची पायरी? उद्या पेपरात येईल, नोकरी जाईल, उलट तुझ्यावरच फसवणुकीचा दावा लावतील. बारदानकाकांना आपण काहीतरी मदत करू, गुपचूप.

वन्सं : गुपचूप काय देशील, दादा? त्यांना वाटतंय त्यांचं नाक म्हातारं झालं. ते कसं परत देशील?

दादा : पण दावा लावला तर तुझं काय?

वहिनी : मी सांगते काय ते. गोड करून सांगणार नाही. दावा लावला तर आधीच्या सह्या बाहेर येणार. नोकरी जाईल, बहुतेक त्याच आठवड्यात. फसवणूक म्हणतील, त्याला मी तोंड देईन, जिंकेनच असं नाही. भरपाई मिळेल, पण त्यातूनही ते कापू बघतील. बाजारात नाव राहणार नाही. आणि सही केलीत तर यातलं काहीच होणार नाही. सोमवारी कागद द्या, मंगळवारी तीनशे कप. कायद्याने विचाराल तर दावा होतो. परवडतो का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

वन्सं : तुझं मत काय?

वहिनी : माझं मत तुम्ही कधी विचारलं नाहीत.

वन्सं : आज विचारतेय.

वहिनी : माझं मत, बारदानकाका आत्ता, या वेळी, घरात बसून कशाचा तरी वास घेऊन बघत असतील. कांद्याचा, काडीपेटीचा. आणि स्वतःलाच विचारत असतील, खरंच येतोय की मला भास होतोय.

दादा : नाकू, चहा घे. गार होईल.

वन्सं : वहिनी, तो पेन दे.

दादा : हां. करून टाक.

वन्सं : मला नको. तू धर, वहिनी. लिहायला घे. दाव्याचा अर्ज लिही.

दादा : अगं!

वहिनी : तुम्ही मध्ये बोलू नका. वन्सं, सुरुवात अशी करते, 'अमुक दिवशी कंपनीच्या गोदामाचं नादुरुस्त शटर माझ्या डोक्यावर पडलं.'

वन्सं : नाही. ते दुसरं. पहिलं वाक्य मी सांगते. लिही, 'साबणाचा वास मला आला नाही.'

वहिनी : असं सुरू करत नाहीत. स्वतःची चूक आधी मांडली की दावा लंगडा होतो.

वन्सं : होऊ दे.

वहिनी : शेवटी टाकू. सहाव्या परिच्छेदात, जिथे...

वन्सं : सहाव्या परिच्छेदापर्यंत कोणी वाचत नाही. साहेब तर पहिली ओळ वाचतात आणि फाइल मिटतात. लिही, 'साबणाचा वास मला आला नाही. गोदामवाल्यांना आला होता. त्यांचं नाक ठीक आहे.'

वहिनी : 'त्यांचं नाक ठीक आहे' हे कुठल्या कायद्यात बसतं?

वन्सं : वकील तू आहेस. बसव.

वहिनी : लिहिलं.

वन्सं : वाच.

वहिनी : 'साबणाचा वास मला आला नाही. गोदामवाल्यांना आला होता. त्यांचं नाक ठीक आहे.'

वन्सं : याची एक प्रत मला दे. सोमवारी कंपनीत जायच्या आधी काकांकडे जाते. वही नको मागायला लगेच. आधी हे वाचून दाखवते.

दादा : ते दारात उभं करतील तुला?

वन्सं : नाही केलं तर दाराबाहेरून वाचेन.

वहिनी : इथे सही करा. आणि इथे. रविवारी जेवायला येऊ नका.

वन्सं : का? आता तर तुझी सुटका झाली, काही बोलणार नाही मी.

वहिनी : रविवारी नको, रोज या. दोन्ही वेळा. गार खाऊन दावा लढता येत नाही, मला शुद्धीवर असलेली अशील लागते. आणि भाजी करपली तर मीच सांगेन.

वन्सं : वहिनी.

वहिनी : काय?

वन्सं : एक विचारू? खरं सांगशील?

वहिनी : मी तुमच्याशी कधी गोड बोललेय?

वन्सं : जवळ ये जरा. आणखी. मला... माझ्या अंगाला कसला वास येतो?

वहिनी : साबणाचा. नुसता साबणाचा.